गुण न येणारं औषध

औषधाने गुण यावा, अशी आपली साधी अपेक्षा असते. ताप उतरावा, खोकला थांबावा, पोट साफ व्हावं, निदान झोप तरी लागावी. गुण लवकर यावा, दिसेल असा यावा, आणि शक्यतो शेजाऱ्यांनाही दिसेल असा यावा. 'त्यांच्या हाताला गुण आहे हो' या एका वाक्यावर आपण तालुका ओलांडून जातो, दोन तास बाकावर बसतो आणि सुई टोचली नाही तर फसवले गेल्याच्या चेहऱ्याने परत येतो. अशा समाजात काचबिंदूच्या थेंबांनी कुठल्या तोंडाने यावं? हे थेंब रोज घालायचे, बहुधा जन्मभर घालायचे, वेळ चुकवायची नाही, दर महिन्याला बाटलीचे पैसे मोजायचे, आणि एवढं करून काय होणार? तर काही होणार नाही. जेवढं दिसत होतं तेवढंच दिसणार. चष्म्याचा नंबर उतरणार नाही. डोळा दुखतच नव्हता, त्यामुळे दुखायचा थांबणार नाही. उलट जरा चुरचुरेल, लाल होईल. काही न होणं हाच या औषधाचा गुण, आणि तो गुण आपल्याला मान्य नाही.

मोतीबिंदूचा थाट बघा. दिसेनासं होतं, ऑपरेशन होतं, पट्टी सुटते आणि माणसाला भिंतीच्या कोपऱ्यातली जळमटं दिसू लागतात. सून घर किती मनापासून झाडते, हे बऱ्याच वर्षांनी कळतं. काळा गॉगल लावून आठवडाभर व्हरांड्यात बसता येतं. माणसं भेटायला येतात, मोसंबी आणतात. काचबिंदूवाल्याला कुणी मोसंबी आणत नाही. त्याला विचारतात, "पिकला का? पिकला की काढून टाका." हा बिंदू पिकत नाही आणि काढताही येत नाही. डोळ्यामागची नस हळूहळू सुकत जाते, नजर कडेकडेने आत मिटत येते, आणि गेलेली नजर जगातल्या कुठल्याही औषधाने परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच थेंबांच्या हातात. भारतात सुमारे १ कोटी २० लाख लोकांना हा आजार असावा असा अंदाज नेहमी दिला जातो, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही. समोरचं नीट दिसतं ना, मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

आमचे नानाकाकाही गेले नव्हते. ते गेले होते चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून. दुकानदार म्हणाला, आता नवाच घ्या. काकू म्हणाल्या, घेताय तर नंबर तपासून घ्या. आणि अशा रीतीने नाना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढे हनुवटी टेकवून बसले. उजव्या डोळ्यातला दाब निघाला २८. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि साधारण १० ते २१ हा सरळमार्गी माणसाचा आकडा मानतात. (दाब २१च्या आत असूनही नस सुकते असे लोकही असतात, तेव्हा एकट्या आकड्यावर जाऊ नये. नस बघावी लागते, नजरेची कड तपासावी लागते.) नानांना अपमान वाटला. "मला काहीही होत नाही," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "काका, या आजारात काहीच होत नसतं. होईपर्यंत."

नाना पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत. हयात व्हॉल्व फिरवण्यात आणि कुठल्या गल्लीला पाणी किती दाबाने गेलं याचा हिशेब ठेवण्यात गेली. त्यामुळे बाईंनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून, इथे आत पाणी तयार होतं, इथून ते वाहून जातं, हे अश्रूंचं पाणी नव्हे, असं सांगायला सुरुवात करताच नानांच्या चेहऱ्यावर कार्यालयीन तेज आलं.

"म्हणजे आवक चोवीस तास चालू."

"हो."

"आणि निचऱ्याची जाळी चोंदलेली."

"बरोबर."

"मग टाकी तटतटणारच. उपाय दोनच. आवक कमी करा, नाहीतर जावक वाढवा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मेडिकल कॉलेजच्या मुलांना हे समजावायला त्यांना एक अख्खं लेक्चर लागत असावं. काचबिंदूची जवळजवळ सगळी औषधं खरोखरच या दोन वाक्यांत बसतात. काही थेंब पाणी तयार होण्याचं प्रमाण कमी करतात, काही ते वाहून जाण्याची वाट मोकळी करतात, एखादं दोन्ही थोडंथोडं करतं. पुढचा सगळा तपशील हा कुठला व्हॉल्व किती फिरवायचा आणि फिरवताना शेजारच्या गल्लीचं पाणी बंद होऊ नये याचा आहे.

शेजारच्या गल्लीचा प्रश्न लगेच आला. बाईंनी विचारलं, "दमा आहे का?" नाना म्हणाले, "छे." काकू मागून म्हणाल्या, "थंडीत पंप ओढतात." नाना म्हणाले, "तो दमा नाही, तो नुसता पंप आहे."

हा संवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टिमोलॉल नावाचं एक जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे. अमेरिकेत ते १९७८ साली मंजूर झालं आणि तोवर दिवसातून चारचार वेळा थेंब घालणाऱ्या लोकांना दिवसातून एकदा-दोनदा घालून भागू लागलं. ते आवक कमी करतं. पण ते बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे बीपीच्या काही गोळ्यांच्या भाऊबंदांतलं. डोळ्यात घातलेला थेंब नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो, आणि दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकतो. मुळात मंद असलेली नाडी आणखी मंद करू शकतो. डोळ्याच्या डॉक्टरला छातीची चौकशी कशाला हवी, असं म्हणून जे पंप लपवतात, ते थेंबाच्या मापात मोठी जोखीम घेतात. आपल्याकडे पंप लपवायची फार पद्धत आहे. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर समजू शकतो. सत्तरीच्या माणसाने कुणापासून लपवायचा?

नानांचं टिमोलॉल पंपामुळे टळलं आणि लॅटॅनोप्रॉस्ट आलं. रात्री झोपताना एक थेंब. हे औषध १९९६पासून वापरात आहे आणि हल्ली बहुतेक ठिकाणी सुरुवात याच घराण्यातल्या थेंबांनी होते. मुख्य जाळी चोंदलेली असली तरी डोळ्यात निचऱ्याची आणखी एक आडवाट आहे, ती हे मोकळी करतं. दाब साधारण पाव ते एक तृतीयांश उतरतो. नानांना ही आडवाटेची योजना इतकी आवडली की त्यांनी बाईंना विचारलं, "हे आमच्या खात्याला का सुचलं नाही?"

या घराण्याचा एक गमतीचा परिणाम असा की पापण्यांचे केस वाढतात. लांब होतात, दाट होतात, काळे होतात. परदेशात कंपन्यांच्या हे लक्षात आलं नसतं तरच नवल. याच घराण्यातल्या बायमॅटोप्रॉस्टला २००८ साली अमेरिकेत केवळ पापण्या वाढवण्यासाठी म्हणून वेगळी परवानगी मिळाली. एका देशात आजी नजर वाचावी म्हणून जे घालते, तेच नात पापण्या लांब दिसाव्यात म्हणून लावते. नानांच्या बाबतीत घोटाळा असा झाला की दाब उजव्याच डोळ्यात जास्त होता, त्यामुळे सुरुवातीला थेंब एकाच डोळ्यात होते. चारेक महिन्यांत त्यांचा उजवा डोळा नाटकातल्या नायिकेचा आणि डावा निवृत्त पाणीपुरवठा निरीक्षकाचा दिसू लागला. काकू म्हणाल्या, "लग्नात एवढं कुणी माझ्याकडे बघितलं असतं, तर बरं झालं असतं." बुबुळाचा रंगही या औषधाने गडद होऊ शकतो, पण ते घाऱ्या डोळ्यांच्या लोकांनी बघावं. आपल्या काळ्याभोर बुबुळांत आणखी काय काळं होणार?

आता थेंब घालण्याची कला. औषधाच्या कंपन्यांनी रेणूंवर कोट्यवधी खर्च केले, पण बाटलीचं तोंड आणि माणसाचा डोळा यांच्यातलं शेवटचं एक इंचाचं अंतर त्यांनी काकूंवर सोडलं आहे. रोज रात्री साडेनऊला आमच्याकडे जो कार्यक्रम होतो तो असा. नाना खुर्चीत मान मागे टाकतात. काकू वरून बाटली धरतात. "वर बघा." "वरच बघतोय." "माझ्याकडे नको, पंख्याकडे बघा." "पंखा तुझ्यामागे आहे." मग थेंब पडतो तो भुवईवर. दुसरा गालावर. तिसरा पडतो त्या क्षणी डोळा मिटतो आणि तोंड उघडतं. डोळ्यात औषध घालताना माणसाचं तोंड का उघडतं, यावर कुणी संशोधन केलं पाहिजे. बाटली काकूंच्या हाती आली तरी त्यांचंही उघडतं.

"एक गेला का नीट? मग आणखी एक टाक, लवकर गुण येईल," असं नाना सुरुवातीला म्हणत. आपला तो स्वभावच आहे. एक गोळी सांगितली तर दोन, आणि आठ दिवस सांगितल्या तर बरं वाटताच तीन. इथे हिशेब वेगळा आहे. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग. डोळ्यात फार तर ३०च्या आसपास मावतं. म्हणजे पहिलाच थेंब उतू जातो. दुसरा सरळ पदराला पुसला जातो, आणि तीन मिलिलिटरची बाटली महिना पुरायच्या ऐवजी विसाव्या दिवशी खडखडते. मग मेडिकलवाल्यावर संशय.

नाकाजवळच्या कोपऱ्यात डोळ्यांचं पाणी वाहून नेणारी बारीक नळी असते. थेंब तिच्यातून घशात उतरतो. काही थेंब घातल्यावर घसा कडू होतो तो यामुळेच. नानांनी पहिल्यांदा कडू लागलं तेव्हा घोषणा केली, "क्रॉस कनेक्शन आहे." त्यावर उपाय साधा: खालची पापणी ओढून खिसा करायचा, एक थेंब सोडायचा, डोळा हळूच मिटायचा, गच्च नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं. आमच्याकडे दोन मिनिटं घड्याळाने मोजत नाहीत. एक आरती म्हणून होईपर्यंत बोट. पुढे दुसरी बाटली आली तेव्हा दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची होती, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. तेव्हा आरतीला मंत्रपुष्पांजली जोडली गेली. काकूंच्या मते नानांच्या जन्मात देवाचं एवढं कधीच झालं नव्हतं.

बाटलीचा मुक्काम हा आणखी एक विषय. न उघडलेलं लॅटॅनोप्रॉस्ट फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. उघडलं की बाहेर चालतं, पण २५ अंशांच्या आत. आमच्या भागात मे महिन्यात २५ अंश हे पहाटे चारला भेटतात, त्यामुळे बाटली कायमची फ्रिजच्या दारात, लिंबं आणि अर्ध्या वाटी विरजणाच्या मध्ये राहते. प्रवासात ती थर्मासमध्ये जाते. कोकणात एका मुंजीला नाना बर्फाच्या थर्मासमध्ये काहीतरी छोटीशी बाटली जपून आणताहेत हे पाहून यजमानांच्या मेहुण्यांनी त्यांना मोठ्या आदराने मागच्या खोलीत नेलं होतं.

उघडल्यापासून चार-सहा आठवड्यांत बाटली टाकून द्यायची, हा नियम सांगताना डॉक्टरांनी मराठी मध्यमवर्गाचा विचार केलेला नाही. आत थेंब दिसतोय आणि टाकून द्यायचं? टूथपेस्ट कात्रीने कापून आतून पुसून घेणारी माणसं आम्ही. शेवटी काकूंनी तोडगा काढला: उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावायची, आणि मुदत संपली की नाना आंघोळीला गेलेले असताना टाकायची.

थेंब सुरू झाल्यावरच्या पहिल्या तपासणीत दाब १९ निघाला. नानांनी हा आकडा कट्ट्यावर जाहीर केला. तिथे सगळे १३०-८० आणि साखर १४० वगैरे बोलणारे. एकाने काळजीने विचारलं, "१९? मग तुम्ही चालत कसे आलात?"

इथे कथा संपली असती, पण डोळा थोडा लाल राहत होता. हा या थेंबांचा नेहमीचा त्रास. नानांनी तो डॉक्टरला न सांगता गल्लीतल्या मेडिकलवाल्याला सांगितला. मेडिकलवाला म्हणाला, "हे टाका, दोन दिवसांत पांढराशुभ्र." टाकलं, आणि खरोखरच झाला. नाना खूश! याला म्हणतात गुण! मग ते दोन दिवसांचं दोन महिने चाललं. त्या बाटलीत स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडचे थेंब लाली चटकन घालवतात आणि काही लोकांच्या डोळ्यातला दाब गुपचूप चढवतात. नानांचा ३४ झाला. म्हणजे ज्या औषधाने दिसेल असा गुण दिला त्याने डोळा धोक्यात घातला, आणि ज्याने काहीच केल्यासारखं दाखवलं नाही ते बिचारं रोज राबत होतं. स्टिरॉइडचे थेंब वाईट नसतात, डॉक्टर ते विचारपूर्वक देतात आणि दाब तपासत राहतात. पण 'लाल आहे का, हे टाका' या पद्धतीने ते काउंटरवरून मिळणं ही आपल्याकडची जुनी आणि फार महाग पडणारी सोय आहे.

दाब खाली आणायला बाईंनी काही दिवस अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या. हे १९५४पासूनचं हुकमी अस्त्र; पोटातून घ्यायचं, त्यामुळे साऱ्या अंगाला जाणवतं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, आणि एक चमत्कारिक परिणाम असा की सोड्याची चव जाते. नाना रात्री जेवल्यावर चौकात जाऊन गोटी सोडा पितात. त्या आठवड्यात त्यांनी सोडावाल्याशी भांडण काढलं: गॅस मारत नाहीस, नळाचं पाणी भरतोस. सोडावाल्याने दुसरी फोडली, तिसरी फोडली. नाना म्हणाले, "पाण्यातलं मला शिकवू नकोस." तो बिचारा अजून नाना दिसले की आधी बाटली हलवून फेस दाखवतो.

या आजारावर माणसाने काय काय करून पाहिलं हे वाचलं म्हणजे चिकटपट्टीची तारीख किरकोळ वाटते. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबारच्या भागात एक विषारी शेंग होती. आरोपीला तिच्या बियांचा काढा पाजत. मेला तर गुन्हेगार, वाचला तर निर्दोष. त्याच बीमधून निघालेल्या, बाहुली बारीक करणाऱ्या फायसोस्टिग्मिनने डोळ्यातला दाब उतरतो, हे १८७६ साली स्ट्रासबर्गच्या लुडविग लाकर या डॉक्टरांनी दाखवलं. त्यांना स्वतःला काचबिंदू होता, तेव्हा त्यांची उत्सुकता निव्वळ शास्त्रीय नसावी. पाठोपाठ ब्राझीलमधल्या जाबोरांडीच्या पानांतून आलेलं पायलोकार्पिन मिळालं आणि ते जवळजवळ शंभर वर्षं टिकलं. दिवसातून चार वेळा घालायचं, कपाळ दुखायचं, आणि बाहुली इतकी बारीक व्हायची की संध्याकाळी जिना चढताना दिव्याची वाट पाहावी लागायची. जुन्या पिढीतली जी माणसं दिवसभर डोळ्यात औषध घालताना आठवतात, ती बरीचशी पायलोकार्पिनची. आज ते मागे पडलं आहे, पण काही प्रकारांत अजून कामाला येतं.

नानांचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याने फोनवर सांगितलं, "मामा, इकडे काचबिंदूला गांजा देतात." काकूंनी फोन स्पीकरवर ठेवल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १९७६ साली रॉबर्ट रँडल नावाच्या माणसाने वॉशिंग्टनच्या कोर्टात, मी गांजा ओढतो तो काचबिंदूसाठी, असा बचाव केला आणि तो खटला जिंकला. गांजाने दाब उतरतो हे खरं आहे. पण तो तीन-चार तासच उतरतो. म्हणजे चोवीस तास दाब ताब्यात ठेवायचा तर अलार्म लावून रात्रीसुद्धा ओढत बसावं लागेल, आणि त्या अवस्थेत माणसाला काचबिंदू तर सोडाच, स्वतःचं आडनाव आठवायची मारामार. तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनाही हा उपाय सुचवत नाहीत. काकूंनी एवढ्या खोलात न जाता भाच्याच्या आईला फोन लावला.

स्वदेशी सल्ले तर दारात येतात. डोळ्यात मध घाला, कांद्याचा रस घाला, त्रिफळ्याच्या पाण्याने धुवा, गुलाबपाणी तर हवंच. एका सद्गृहस्थांनी शीर्षासन सुचवलं, आणि इथे नानांची कॉलर ताठ झाली, कारण ते वयाच्या विशीपासून रोज शीर्षासन करत. बाईंना हे कळलं तेव्हा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. हे मोजून पाहणारे चेन्नईचेच लोक आहेत, योगाशी वैर असलेले परकीय नव्हेत. पायावर उभं राहून करायची आसनं खुशाल करा, म्हणाल्या. नानांना पन्नास वर्षांचा नेम सोडताना जे दुःख झालं ते नजरेच्या भीतीनेही झालं नव्हतं.

मग एक दिवस नानांनी मूळ प्रश्न विचारलाच. "मला थेंबांनी काहीच वाटत नाही. ते काम करताहेत कशावरून?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो नानांच्या आधी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाही पडला होता. त्यांनी काचबिंदूचे ५१६ रुग्ण घेतले. निम्म्यांना लॅटॅनोप्रॉस्ट, निम्म्यांना औषध नसलेले दिसायला तसेच थेंब. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही. २०१५ साली निकाल छापून आला. दोन वर्षांत साध्या थेंबवाल्यांपैकी शंभरामागे सुमारे २५ जणांची नजर कडेने आणखी कमी झाली, औषधवाल्यांपैकी सुमारे १५ जणांची. हे जे मधले दहा जण आहेत ना, त्यांना कुणालाही गुण आल्यासारखं वाटलं नसणार. आपण त्या दहांतले आहोत हे त्यांना कळायचा मार्गच नाही. आणि १५ जणांना थेंब घालूनही कमी दिसू लागलं, म्हणूनच एकदा बाटली मिळाली की डॉक्टरांचा रस्ता विसरायचा नसतो. कधी औषध बदलावं लागतं, कधी जोडावं लागतं, कधी लेझर, कधी ऑपरेशन. ब्रिटनमधल्याच एका मोठ्या अभ्यासात २०१९ साली असंही दिसलं की सुरुवातच लेझरने केली तर चारांतल्या तिघांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नाही. हा पर्याय प्रत्येक डोळ्याला लागू नसतो, पण डॉक्टरला विचारायला हरकत नाही. नानांनी विचारलं. बाई म्हणाल्या, तुमच्या बाबतीत विचार करू. तेव्हापासून नाना स्वतःला लेझरच्या वेटिंग लिस्टवरचे समजतात.

नजरेची कड तपासायची परीक्षा नानांना फार आवडते. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड खुपसून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर डोळा स्थिर ठेवायचा, आजूबाजूला कुठे बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी नानांनी इतक्या उत्साहाने दाबलं की दिवा नसतानाही दाबलं. कुठेही कमी पडू नये, हा हेतू. पण मशीन दिवा न लावता मध्येच थांबून बघतं, आणि न दिसलेलं दिसलं म्हणणाऱ्याची नोंद ठेवतं. बाईंनी कागद पाहून चाचणी बाद ठरवली आणि पुन्हा बसवलं. सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला इतक्या चटकन कुणी पकडलं नव्हतं.

थेंबांच्या हजेरीचं तेच आहे. "रोज घालता ना?" या प्रश्नाला "रोज" याखेरीज दुसरं उत्तर आजवर कुठल्याही फाईलवर लिहिलं गेलं नसेल. १९८६ साली अमेरिकेतल्या मायकेल कास या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायलोकार्पिनच्या बाटल्यांत रुग्णांच्या नकळत नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवलं. रुग्ण सांगत होते, शंभरांत ९७ थेंब घातले. यंत्र सांगत होतं, ७६. आणि तपासणीच्या आधीच्या दिवशी मात्र हजेरी सुधारलेली. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास हा काही फक्त आपल्याकडचा रिवाज नाही, एवढा दिलासा त्यातून घ्यावा.

नानांचंही असंच झालं. गणपतीत गौरींच्या गडबडीत बरेच थेंब राहिले, दिवाळीत राहिले, नातवाच्या शाळेच्या गॅदरिंगला राहिले. तपासणीत दाब २४. "थेंब चुकतात का?" "एकही नाही," नाना म्हणाले, आणि काकूंनी छताकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. म्हणजे हे औषध एकटं पुरत नाही, त्यांनी निष्कर्ष काढला, आणि डॉर्झोलामाइडची दुसरी बाटली लिहून दिली: दिवसातून तीन वेळा, चुरचुरणारी, कडू, आणि खर्च वेगळा. चूक बाईंची नव्हती. समोरच्या माणसाने सांगितलेल्या माहितीवरच डॉक्टर व्हॉल्व फिरवणार.

तुमच्या सख्ख्या भावंडांपैकी किंवा आईवडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल, किंवा नुसती चाळिशी उलटली असेल, तर चष्म्याची काडी ढिली होण्याची वाट न पाहता डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. पंप ओढत असाल तर सांगा. लाल डोळ्यासाठी काउंटरवरची बाटली उचलू नका. आणि थेंब चुकले असतील तर डॉक्टरांना खरंखरं सांगून टाका. ते फार तर चार शब्द बोलतील, पण दुसरी बाटली वाचेल.